भ्यायचे कुणाला, मारायचे कुणाला?

भुताचे आणि मारामारीचे चित्रपट यांच्याविषयी बोलणे निघाले की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. पहिला सूर जाणकारांचा. 'गल्लाभरू', 'बाष्कळ' आणि 'अभिरुचीहीन' ही तीन विशेषणे त्यांच्या खिशात तयारच असतात. चित्रपट कोणताही असो, त्यांतले एक काढायचे आणि चिकटवायचे. दुसरा सूर पाहणाऱ्यांचा. 'तीन तास करमणूक झाली, पैसे वसूल झाले, आता त्यात डोके कशाला घालवायचे?' हे दोन्ही पक्ष एकमेकांना नावे ठेवतात खरे, पण एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे. या चित्रपटांत विचार करण्याजोगे काही नसते, हे दोघेही धरूनच चालतात.

मला हे एकमतच पटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या आधीच्या पिढ्यांनी पुस्तके वाचली नाहीत, पण भुताच्या गोष्टी सांगितल्या आणि ऐकल्या. जत्रेतल्या तंबूत बसून मारामारीचे चित्रपटही मनापासून पाहिले. ज्या गोष्टीला आपली माणसे एवढा वेळ देतात तिच्यात विचार करण्याजोगे काही नाही असे म्हणणे, म्हणजे त्या माणसांतच विचार करण्याजोगे काही नाही असे म्हणण्यासारखे आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

जाणकारांना प्रथम एक आठवण करून द्यावीशी वाटते. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केले. सांगलीच्या पटवर्धन सरकारांचा त्यांना आश्रय होता. त्या घटनेची आठवण म्हणून आजही 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळला जातो आणि सांगलीत भाव्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते. पण त्या काळच्या पौराणिक नाटकांत प्रेक्षकांना खेचून आणणारे पात्र कोणते होते? राक्षस! तोंड रंगवलेला, आरोळ्या ठोकत, तलवार फिरवत, नाचत येणारा राक्षस. पुढच्या सुशिक्षित पिढ्यांनी त्या नाटकांना 'अलललडुर्र' म्हणून हिणवले. म्हणजे ज्या रंगभूमीचा आपण अभिमान बाळगतो तिच्या पहिल्या पावलातच भय होते आणि हाणामारीही होती. राक्षसाला पाहून दचकलेल्या त्या प्रेक्षकांच्या नातवंडांनी पुढे देवलांची 'शारदा' पाहिली. दचकणारा प्रेक्षक अडाणी असतो असे कुणी म्हणू नये.

आपल्या या मुलखाचे आणि अशा चित्रपटांचे नाते तर फार जवळचे आहे. हिंदी भयपटांचा कारखाना ज्यांनी चालवला त्या रामसे बंधूंचा 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला चित्रित झाला. वाईचा घाट आणि वाड्यांच्या गल्ल्या तर सगळ्या देशाने पाहिल्या आहेत, फक्त त्या वाईच्या आहेत हे देशाला ठाऊक नाही. 'गंगाजल'मध्ये (2003) वाई हे बिहारमधले गाव झाले, 'दबंग'मध्ये (2010) उत्तर प्रदेशातले आणि 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये (2013) तामिळनाडूतले. आमच्या कृष्णामाईच्या काठावर एवढ्या गुंडांना लोळवले गेले, पण आमच्या मुलखाचे खरे दुखणे मात्र त्यांतल्या एकाही चित्रपटात आले नाही. जागा आमची आणि गोष्ट दुसऱ्याची, असा हा व्यवहार!

मग अशा चित्रपटांची पारख करायची कशी? समीक्षक चांदण्या वाटतात. कुणाला दोन, कुणाला साडेतीन. कॅमेरा चांगला, संगीत कर्कश, मध्यंतरानंतर कथा रेंगाळते, असे बरेच काही ते लिहितात. ते चुकीचे नसते, पण अपुरे असते. माझ्या मते भयपटाला एक प्रश्न विचारावा: हा चित्रपट मला भ्यायला कुणाला सांगतो? मारधाडीच्या चित्रपटालाही एक प्रश्न विचारावा: इथे बसणाऱ्या घावाची किंमत कोण मोजतो? हे दोन प्रश्न विचारले की सोने कोणते आणि मुलामा कोणता हे कळायला वेळ लागत नाही.

पहिला प्रश्न 'लपाछपी'ला विचारून पाहू. विशाल फुरिया यांचा हा मराठी चित्रपट जुलै 2017 मध्ये प्रदर्शित झाला. पुढे 2021 मध्ये त्यांनीच तो हिंदीत 'छोरी' या नावाने केला. दिवस भरत आलेली एक शहरी बाई नवऱ्याबरोबर उसाच्या फडांमधल्या एका एकाकी घरात येऊन राहते. पूजा सावंत यांनी ती भूमिका केली आहे आणि तिची काळजी घेणारी तुळसाबाई उषा नाईक यांनी उभी केली आहे. ज्यांनी ऊस फक्त रसाच्या गाड्यावर पाहिला त्यांना तो फड चित्रपटाची सजावट वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. डोक्याच्यावर गेलेल्या उसात शिरले की चार पावलांवरचे माणूस दिसत नाही, हाक मारली तर ती कुठून आली हे कळत नाही, आणि पाचट वाजले की ते वाऱ्याने वाजले की पायाने, हा प्रश्न पडतोच. ही भीती दिग्दर्शकाने आकाशातून आणलेली नाही. ती आमच्या बांधावरच उभी असते.

पण 'लपाछपी'चे मोठेपण उसात नाही. मुलगी नको म्हणून माणसे काय करतात, ही त्या भीतीच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे. आणि इथे सातारा-सांगलीच्या माणसाला मान खाली घालावी लागते. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी मार्चमध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे, गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाल्यानंतर केलेल्या तपासात, जमिनीत पुरलेले 19 भ्रूण सापडले. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 चा. म्हणजे कायद्याला वीसहून अधिक वर्षे होऊन गेली होती. चित्रपट काही म्हैसाळवरून काढलेला नाही, पण म्हैसाळ ज्याने ऐकले आहे त्याला हा चित्रपट नुसता चित्रपट म्हणून पाहता येत नाही.

माझ्या धाकट्या मावशीचे माहेरचे नाव नकुसा. चौथीही मुलगीच झाली, आता पुरे, म्हणून देवाला कळवण्यासाठी ठेवलेले हे नाव. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. मावशी तोवर लग्न होऊन गेली होती. सासरी तिचे नाव बदलले, पण माहेरी ती अजून नकुसाच आहे, कारण जिभेला वळण पडले आहे. गेल्या गळीत हंगामात ती आमच्याकडे आली असताना मी तिला मोबाईलवर 'लपाछपी' दाखवला. रात्री एकटीने परसात जायला मी कचरत होते. मावशी मात्र शांत होती. मी विचारले, "मावशी, तुला भुताचं भ्या नाही वाटलं?" ती म्हणाली, "भुताचं काय भ्या गं? ती बिचारी मेलेली. त्या म्हातारीचंच भ्या वाटलं. लई गोड बोलत हुती."

मी त्या चित्रपटाची परीक्षणे वाचली आहेत. माझ्या मावशीइतके नेमके कुणी लिहिलेले मला आढळले नाही. चित्रपट भ्यायला कुणाला सांगतो, हे तिला न शिकता कळले. मेलेल्याला भ्यायचे नाही. प्रेमाने पोटावरून हात फिरवत 'मुलगाच होईल' म्हणणाऱ्याला भ्यायचे. हे ज्या भयपटाने सांगितले त्याला मी चांदण्या मोजायला बसणार नाही.

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'लाही (2018) हाच प्रश्न विचारावा. नारायण धारप यांच्या गूढकथांची प्रेरणा त्यामागे आहे. व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला, आणि तो मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट. आपल्याकडे मात्र तेव्हा गर्दी जेमतेमच झाली. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. जो चित्रपट सहा वर्षे लोकांच्या तोंडी राहून परत येतो त्याच्यात काहीतरी असले पाहिजे. काय आहे? त्यातल्या हस्तरला सोने मिळाले पण धान्य मिळाले नाही, म्हणून तो युगानुयुगे उपाशी. आणि विनायकाला पोटापुरते मिळते तरी तो पुन्हा पुन्हा त्या विहिरीत उतरतो. मग खरा भुकेला कोण? हस्तर की विनायक? पोराला बाप काय शिकवतो, तर विहिरीत कसे उतरायचे ते. चित्रपट संपल्यावर हस्तरचे रूप विसरते, बापाचे डोळे विसरत नाहीत. धान्य पिकवणाऱ्याच्या घरातच कधी कधी धान्य नसते आणि सोने साठवणाऱ्याला झोप नसते, हे आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता 'मुंज्या' (2024). आदित्य सरपोतदार यांनी कोकणातली पिंपळावरच्या मुंज्याची लोककथा घेतली आणि सगळ्या देशाला हसवत हसवत घाबरवले. मराठी मातीतले भूत हिंदीत इतक्या थाटाने गेले याचा आनंद मलाही झाला. नकार न समजणाऱ्या हट्टी प्रेमाचे भूत म्हणून त्याचा अर्थही बरा लागतो. पण माझी एक तक्रार आहे. अशा चित्रपटांत भूत आले की ते उतरवणारा बाबाही यावाच लागतो. विनोदी असला तरी त्याची विद्या खरी ठरते. पडद्यावर ठीक आहे, पण ही गोष्ट ज्या गावात पाहिली जाते तिथे असा बाबा गल्लीच्या टोकालाच बसलेला असतो. आमच्या भावकीतल्या एका सुनेला बाळंतपणानंतर वेड्यासारखे झाले तेव्हा तिला तीन अमावस्या देवर्षीकडे नेले आणि चौथ्या महिन्यात डॉक्टरकडे. औषधाने ती बरी झाली, पण श्रेय मात्र अंगाऱ्याला मिळाले.

हे सांगताना डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. ते साताऱ्याचे. 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभारली, कायद्यासाठी वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घातले, आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे. साप-विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखणे हाही गुन्हा आहे.

काहीजण म्हणतील, मग भयपटच बंद करावेत काय? मुळीच नाही. भुताची गोष्ट ऐकणारे पोर भुतावर विश्वास ठेवतेच असे नाही. गोष्ट ही गोष्ट आहे हे पोरालाही कळते. नुकसान भुताने होत नाही, उताऱ्याने होते. भूत दाखवा, हवे तितके दाखवा. पण त्यावर इलाज म्हणून मांत्रिकाची विद्या खरी करून दाखवली, की पडद्यावरची गोष्ट गावातल्या माणसाच्या धंद्याची जाहिरात होते. 'लपाछपी' आणि 'तुंबाड' यांचा इथे विशेष आहे. त्यांतली माणसे मंत्राने सुटत नाहीत. आपण काय केले हे पाहिल्याशिवाय त्यांना सुटकाच नाही.

आता दुसरा प्रश्न, मारधाडीचा. गावात एका डोक्यात काठी बसली तर काय होते? टाके, पंचनामा, जामीन, मग तारखांमागून तारखा. बांधाच्या वीतभर जमिनीसाठी निघालेली काठी दोन घरांना वीस वर्षे कोर्टात उभी करते. धारण विकली जाते, पोरींची लग्ने अडतात. आणि पडद्यावर? नायक एका दमात चाळीस माणसे आडवी करतो. त्या चाळिसांना आई नसते, पोस्टमार्टेम नसते, तारीख नसते. 'अ‍ॅनिमल' (2023) पाहिला तेव्हा हेच मनात आले. समीक्षकांनी त्यावर भरपूर टीका केली, आणि ती वाचून जणू गर्दी वाढलीच. नायकाच्या बेफाम मर्दपणावर शिट्ट्या पडत होत्या. त्यात रक्त पुष्कळ आहे, पण किंमत नाही. किंमत असलीच तर ती बायकोने मोजायची, आणि तिने ती निमूटपणे मोजावी अशी अपेक्षा. ज्या घरात खरोखर हात उगारला जातो तिथल्या बाईला विचारा, त्या शिट्ट्या तिच्या कानाला कशा लागतात.

याच्या शेजारी प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' (2018) ठेवून पाहा. मारामारी त्यातही आहे, गुंडगिरीही आहे. पण जमीन विकली गेली, बाप दुसऱ्याच्या दारात राबायला लागला, आणि म्हणून पोराच्या हातात कोयता आला, हा हिशेब चित्रपट चुकवत नाही. कोयता उचलणाऱ्याचे शेवटी काय होते हेही तो दाखवतो. दोष एकच की काही पोरांनी शेवट सोडला आणि संवाद तेवढे उचलले! तो दोष चित्रपटाचा किती आणि आपला किती, याचा विचार प्रत्येकाने करावा.

'छावा'विषयी (2025) लिहिताना पेन जपून चालवावे लागते, कारण विषय आपल्या काळजातला आहे. लक्ष्मण उतेकर यांच्या या चित्रपटाने थिएटरे रडवली. मीही रडले. छत्रपती संभाजी महाराजांनी 1689 मध्ये जे सोसले त्यापुढे कुणाचेही डोळे कोरडे राहू नयेत. पण मला वाटते, सिंहाशी झुंजणारा वीर पुढे आला आणि 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा राजा मागे राहिला. शिवाय यातनांचे दृश्य इतके लांबले की शेवटी मनात फक्त संताप उरतो. त्या संतापाचे पुढे काय करायचे? तीन शतकांपूर्वीच्या जुलमाचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागायचा असतो काय? मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते आणि ऐकायला सगळ्या जातिधर्मांची माणसे मांडीला मांडी लावून बसतात. हा आपला मुलूख आहे. इतिहासाच्या चित्रपटाने पूर्वजांविषयी आदर द्यावा, शेजाऱ्याविषयी संशय देऊ नये, एवढीच माझी अपेक्षा.

खरा थरार पाहायचा असेल तर आपल्याकडे त्याची वाण नाही. सातारा-सांगली हे 1949 पर्यंत एकच. याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. 7 जून 1943 रोजी तुफान सेनेच्या तरुणांनी शेणोलीजवळ इंग्रज सरकारची पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवून लुटली. त्या लढ्यातले जी. डी. बापू लाड आणि धुळ्याचा सरकारी खजिना लुटण्यात सामील असलेले नागनाथअण्णा नायकवडी, यांनी पुढे काय केले? नागनाथअण्णांनी वाळव्याला 'हुतात्मा' साखर कारखाना उभारला. बापूंचे नाव आज कुंडलच्या 'क्रांती' कारखान्याला आहे. हातात शस्त्र घेतले तेव्हा ते कशासाठी घेतले आणि खाली ठेवल्यावर त्या हातांनी काय उभे केले, हा नायकाच्या कसोटीचा उत्तरार्ध असतो. आजच्या मारधाडपटांना पुढचा भाग काढायची फार हौस आहे. पण त्यांच्या पुढच्या भागात आणखी मोठी बंदूक असते, साखर कारखाना कधीच नसतो!

मित्रमैत्रिणींनो, भुताचे आणि मारामारीचे चित्रपट पाहू नका असे सांगणारी मी कोण? मीही पाहते, आणि पुढेही पाहणार. जाणकारांनी नाक मुरडायचे सोडावे, कारण जे चित्रपट लाखो लोक पाहतात त्यांची पारख करायची सोडून दिली तर ती पारख फक्त तिकीट खिडकी करील. आणि आपण प्रेक्षकांनी 'डोके घरी ठेवून आलो' असे अभिमानाने सांगायचे सोडावे, कारण डोके घरी ठेवले तरी भीती आणि राग आपल्याबरोबर थिएटरात येतात आणि आपल्याबरोबरच घरी परततात. त्या भीतीने घरी कुणाकडे पाहायचे आणि तो राग कुणावर काढायचा, हे चित्रपट नकळत शिकवून गेलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी दिवे लागल्यावर उठताना एवढेच करा. शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला विचारा: याने आपल्याला भ्यायला कुणाला सांगितले? आणि मार कुणाला बसला, दुखले कुणाला? उत्तर सापडेपर्यंत चहा प्यायला हरकत नाही. चित्रपटसमीक्षा म्हणतात ती यापेक्षा फारशी वेगळी नसते, आणि तिच्यासाठी पदवीही लागत नाही.

(द्वितीय वर्ष, कला)